मदत हवी आहे: सोसायटीतून सायकली चोरीला जातायत, आणि आम्हाला सामायिक सायकली सुरू करायच्या आहेत

आनंदनगरकर

नमस्कार मंडळी,

पुण्यात कोथरूडला आमची ९६ फ्लॅटची सोसायटी आहे, मेट्रो स्टेशनपासून साधारण दीड किलोमीटरवर. गेल्या ४ महिन्यांत पार्किंगमधून ५ सायकली गेल्या. चार सायकलींची नंबरवाली केबल कापलेली सापडली. पाचवीला फक्त मागच्या चाकाचं रिंग लॉक होतं, ती उचलूनच नेली असणार. सीसीटीव्ही आहे, पण तो गेटकडे तोंड करून, आणि वॉचमनकाका आत येणाऱ्याला विचारतात, बाहेर जाणाऱ्याला नाही.

याच पार्किंगमध्ये २० तरी सायकली धूळ खात पडल्या आहेत. त्यांतल्या ८ दुरुस्त करून सगळ्यांसाठी ठेवायच्या असं आम्हा काही जणांच्या मनात आहे. मेट्रोपर्यंत जाणारे वापरतील, शाळकरी मुलं वापरतील, पण सगळ्यात जास्त गरज घरकामाला येणाऱ्या ताईंना आहे. दिवसाला चार-पाच इमारती पायी करतात. सभेत विषय काढला तर उत्तर आलं, "स्वतःच्या टिकत नाहीत, सगळ्यांच्या काय टिकणार?"

कुलूप कुठलं, सायकली बांधायच्या कशाला, तक्रार कशी नोंदवायची, आणि सामायिक सायकली खरंच टिकतात का, हे जाणकारांनी सांगावं.

छर्रे_ग्रीस

आधी कुलपाचं. नंबरवाल्या केबलचं वरचं प्लास्टिक ब्लेडने सोलून बघा. बाहेरून बोटाएवढी जाड दिसते, आतली तारेची दोरी त्यापेक्षा बरीच बारीक निघते, आणि ती साध्या हातकटरने आवाज न होता तुटते. कापलेलं टोक असेल तर नीट पाहा. तारा एका रेषेत दबून तुटल्या असतील तर कटर, एकेक तार वेगळ्या उंचीवर फाटलेली असेल तर पक्कडीने कुरतडली आहे. दोन्हीला एखादं मिनिटसुद्धा पुरतं.

डी लॉक (इंग्रजी डी आकाराचं, जाड पोलादी दांड्याचं कुलूप) घ्या. लावताना ते मागचं चाक, सीटखालचा उभा पाइप आणि जमिनीत पक्का केलेला पाइप या तिन्हींतून गेलं पाहिजे. नुसतं पुढच्या चाकाला लावलं तर क्विक रिलीज असलेलं (पान्याशिवाय, दांडी फिरवून सुटणारं) चाक जागेवर राहतं आणि सायकल जाते. कुलपाच्या आत जितकी कमी मोकळी जागा, तितकं चांगलं. मोठं डी लॉक घेतलं तर आत जॅक किंवा पहार घालून ताणता येतं. आणि कुलूप जमिनीला टेकू देऊ नका. टेकलं की हातोड्याला ठोकायला ऐरण मिळते, साखळी असेल तर कटरचा एक दांडा जमिनीवर ठेवून सगळं वजन टाकता येतं. साखळीच घ्यायची तर कठीण पोलादाची, किमान १० मिमी कडीची.

बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे कुठलंच कुलूप फार वेळ टिकत नाही. पण ग्राइंडरचा आवाज होतो, ठिणग्या उडतात. तुमच्या पार्किंगमध्ये तेवढंच साधायचं आहे: गुपचूप नेता येऊ नये.

क्विक रिलीजच्या जागी ॲलन बोल्टचे (षटकोनी भोकाच्या बोल्टचे) एक्सल टाका. सीटच्या बोल्टलाही ५ मिमीचं ॲलन भोक असेल तर त्यात ३/१६ इंची छर्रा ठोकून वर मेणबत्तीचं मेण ओता. काढायचा झाला तर मेण खरवडून चुंबक लावा. येणाजाणाऱ्याच्या खिशातली ॲलन की तिथे चालत नाही.

बांधायला उलट्या यू आकाराचे स्टँड करून घ्या. ५० मिमी व्यासाचा जाड जीआय पाइप, जमिनीपासून उंची ७५० मिमी, लांबी साधारण ७००. एका स्टँडला दोन बाजूंना दोन सायकली, म्हणजे ८ सायकलींना ४ स्टँड. दोन स्टँडमध्ये १ मीटर सोडा, नाहीतर हँडल एकमेकांत अडकतात आणि लोक कंटाळून बाहेरच लावतात. मातीवर पेव्हर ब्लॉक असतील तर पाय ३०० मिमी खोल काँक्रीटमध्ये गाडा आणि खालच्या टोकाला आडवी सळई वेल्ड करा, म्हणजे पिळून उपटता येणार नाही. खाली तळघर असेल तर स्लॅबला भोक पाडण्याआधी वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारा. तिथे बेसप्लेट आणि अँकर बोल्ट लागतात, आणि नट आवळून झाल्यावर त्यावर वेल्डिंगचा ठिपका द्यायचाच. तो राहिला की साधा पाना घेऊन स्टँडसकट सायकल जाते.

भिंतीतले लांब सरळ स्टँड, ज्यांत फक्त पुढचं चाक घुसतं, ते घेऊ नका. फ्रेम बांधता येत नाही आणि सायकल कलंडली की रिमला आउट येतो, म्हणजे ते वाकडं होतं.

कलमवाली

तक्रारीबद्दल. पोलिसांच्या हरवले-सापडले पोर्टलवर नोंद करून थांबू नका. ते हरवलेल्या वस्तूंसाठी आहे, चोरीसाठी नाही. त्या पावतीवर तपास होत नाही.

चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३(२) लागतं. पण मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो, आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. जुन्या सायकलींच्या तक्रारी नुसत्या एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) थांबतात त्याचं एक कारण हे. म्हणून किंमत लिहिताना नुसती सायकल नको. बसवलेले गिअर, सीट, लाइट, कॅरियर, चाइल्ड सीट सगळं धरा. फुगवू मात्र नका, जबाबावर तुमचीच सही असते.

दुसरं, जागेचं वर्णन नेमकं लिहा: गेटच्या आत, इमारतीच्या खाली, भिंतींनी बंदिस्त पार्किंग. राहत्या किंवा माल ठेवायच्या इमारतीतली चोरी कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा ७ वर्षांपर्यंत आहे आणि तो दखलपात्र आहे. तुमचं पार्किंग त्यात बसतं हा मुद्दा तक्रारीतच मांडा, नंतर तोंडी नको.

एफआयआर झाली की प्रत फुकट मिळण्याचा हक्क आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १७३. ऑनलाइन पाठवली असेल तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात घेतलीच नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते, पोचपावती जपा. पाच सायकलींचे पाच मालक आहेत, तेव्हा पाच तक्रारी. सोसायटीच्या लेटरहेडवर एकत्र अर्ज दिलात तर त्याची गत निवेदनासारखी होते.

फुटेज आजच काढून ठेवा. हार्डडिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. कॅमेऱ्याचं घड्याळ खऱ्या वेळेच्या किती मागेपुढे आहे ते लिहून ठेवा, आणि फुटेज पुरावा म्हणून द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं.

आनंदनगरकर

@कलमवाली, मनापासून आभार. पण पाचांपैकी तिघांकडे बिल नाही. फ्रेम नंबर कुणालाच माहीत नाही.

कलमवाली

दुकानदाराकडे बिलाची दुसरी प्रत असू शकते, खरेदीचा महिना सांगा आणि विचारा. ऑनलाइन घेतली असेल तर मेलमध्ये इन्व्हॉइस सापडेल. नाहीच मिळालं तर जुने फोटो: वाढदिवसाचा, पहिल्या दिवशी सायकलवर बसलेल्या मुलाचा. ओरखडे, स्टिकर, बदललेलं पॅडल, जे वेगळं दिसतं ते जबाबात लिहा. सायकल सापडली तर न्यायालयाकडून सुपूर्तनाम्यावर (लेखी हमीवर) परत मिळते, आणि "ही माझीच" हे तेव्हा दाखवावं लागतं.

छर्रे_ग्रीस

उरलेल्या सगळ्या सायकलींचे नंबर या रविवारी घ्या. सायकल उलटी करा. दोन्ही पॅडलांच्या मधोमध जो आडवा नळा आहे, त्याच्या पोटावर नंबर ठोकलेला असतो. तिथे नसेल तर हँडलखालच्या पाइपवर किंवा मागच्या चाकाच्या नटाजवळ. चिखल आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसा, मग खडूची पूड चोळून बोट फिरवा. खोलगट अंकांत पांढरं बसतं आणि काळ्या रंगावर नंबर उठून येतो. फोटो काढा आणि हातानेही लिहा, कारण ८ आणि बी, ५ आणि एस, शून्य आणि ओ हमखास गोंधळतात. रंग जाड असेल तर खरवडू नका, टॉर्च आडवा धरा.

रानजाई

सामायिक सायकली टिकतात का, हा तुमचा खरा प्रश्न. सभेतल्या माणसाची शंका खोटी नाही. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅमला पांढऱ्या रंगाच्या, कुलूप नसलेल्या सायकली रस्त्यावर ठेवून पाहिल्या. पोलिसांनीच त्या उचलल्या. १९९५ मध्ये कोपनहेगनने २० क्रोनच्या नाण्यावर सुटणाऱ्या सायकली आणल्या, त्याही मोठ्या संख्येने गेल्या. नाणं कुणाचंही असू शकतं, घेणारा कोण ते कळायची सोय नव्हती. आपल्याकडे डिसेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आणि औंधला ॲपवरच्या सायकली आल्या. नाव-नंबर ॲपमध्ये होता, पण सायकल कुठेही सोडायची मुभा होती. सोडल्यानंतर तिला बघणारं कुणी नव्हतं. क्यूआर कोड खरवडले, कुलपं तोडली, दोनेक वर्षांत सगळं आवरलं. याउलट म्हैसूरची २०१७ चीच योजना ठरलेल्या स्थानकांवर उभी केली होती: घ्यायची तिथून, ठेवायची तिथेच.

आणि याहून जुनं उदाहरण आपल्या गल्लीतलं आहे. तासावर सायकल देणारी दुकानं. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, चेनकव्हरवर दुकानाचं नाव, टेबलावर लांबट वही, आणि "कुणाचा रे तू?" विचारणारा मालक. अनोळखी माणसाला सायकल मिळायची नाही, त्याने ओळखीच्याला आणायचं. ती पद्धत तशीच उचला. ९६ घरांत ती चालते, शहरात चालणं अवघड आहे.

म्हणजे असं. प्रत्येक सायकलीला १ ते ८ मोठा नंबर, दोन्ही बाजूंना, आणि आठही एकाच भडक रंगाच्या. मूळ रंग घालवला की विकायला अवघड जाते आणि गेटवर लांबून ओळखू येते. फ्रेम नंबरच्या जागेवर मात्र रंग चढू देऊ नका, तिथे चिकटपट्टी लावून मग रंगवा. किल्ल्या वॉचमन केबिनमध्ये आठ खिळ्यांच्या फळीवर. वहीत पाच रकाने: सायकल नंबर, नाव, फ्लॅट किंवा ज्यांच्याकडे काम करतात तो फ्लॅट, नेली, आणली. रात्री ९ ला मोजणी. खिळा रिकामा दिसला की तेव्हाच फोन, सकाळी नाही. हे राहिलं की आठवड्यात वही बंद पडते.

वॉचमनकाकांवर हे फुकट लादू नका. महिन्याला ठरावीक रक्कम द्या, सभेच्या ठरावात लिहून.

अनामत ठेवू नका, ही कळकळीची विनंती. हजार रुपये अनामत म्हटलं की ताई पहिल्याच दिवशी बाहेर पडतात, आणि मग योजना उरते ती ज्यांच्या खाली गाडी उभी आहे त्यांच्यासाठी. त्यांना ओळखणारं घर आहे, तेवढी हमी पुरते. आठांपैकी निदान चार लेडीज फ्रेमच्या ठेवा, आडवा दांडा नसलेल्या, चेनकव्हर आणि साडीगार्डसकट. सीट इतकी खाली की बसल्यावर दोन्ही पाय टेकतील. ज्यांना येत नाही त्यांना शिकवायला दोन रविवार ठेवा: पॅडल काढून टाका, नुसत्या पायांनी ढकलत तोल आला की पॅडल परत लावा.

निळी_घंटी

एवढं वहीचं काम कशाला? जीपीएसवाली स्मार्ट कुलपं मिळतात. निदान एअरटॅग (वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारी छोटी चकती) तरी लावा.

छर्रे_ग्रीस

@निळी_घंटी, स्मार्ट कुलपाची बॅटरी चार्ज कोण करणार हे आधी ठरवावं लागतं. उतरली की सायकल अडकून पडते आणि कुणीतरी कुलूपच तोडतं. शिवाय ताईंच्या फोनवर ॲप चालेल, डेटा असेल, हे गृहीत का धरायचं? टॅग मात्र लावा, स्वस्तातला आधार आहे. बटणसेल साधारण वर्षभर टिकतो. सीटखाली किंवा रिफ्लेक्टरमागे लपवा; पाइपच्या आत टाकला की धातूमुळे सिग्नल अडतो. हेही लक्षात ठेवा की टॅग आसपासच्या फोनच्या भरवशावर चालतो आणि सोबत फिरणाऱ्या अनोळखी टॅगची सूचना चोराच्या फोनवरही येते. ठिकाण दिसलं तर स्वतः जाऊ नका, स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात जा.

आता दुरुस्ती. वीस सायकलींतून आठ निवडताना आधी टायरवरचा आकडा वाचा. "२६ इंची" एवढ्यावर जाऊ नका. २६ × १⅜ चं रिम ५९० मिमीचं आणि २६ × १.९५ चं ५५९ मिमीचं. एकाचं टायर दुसऱ्यावर बसत नाही. काळ्या २८ × १½ चं ६३५. टायरच्या बाजूला ३७-५९० किंवा ५०-५५९ असं लिहिलेलं सापडेल. शक्यतो एकाच मापाच्या आठ निवडा, नाहीतर तीन प्रकारचे टायर-ट्यूब साठवत बसाल. शॉकअपवाल्या आणि २१ गिअरवाल्या सोडून द्या. सामायिक सायकलीत सगळ्यात आधी मागचं डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) वाकतं.

धूळ खाल्लेल्या सायकलीला हात लावताना नुसती हवा भरून चालवू नका. टायर दाबून बघा, बाजूला भेगा असतील तर बदला. ब्रेकची वायर कव्हरमध्ये गंजलेली असते, लिव्हर दाबला की परत येत नाही. वायर आणि कव्हर दोन्ही नवं. ब्रेक रबर काचेसारखं कडक झालेलं असतं, घासून उपयोग नाही. दोन्ही हब आणि पॅडलांमधला नळा उघडून छर्रे रॉकेलने धुवा, डाग पडलेले टाकून द्या, ग्रीस भरा. पॅडल काढताना डावीकडच्याचे आटे उलटे असतात, जोर लावून क्रँक खराब करू नका. आठ सायकलींना सुरुवातीला ८ ट्यूब, ४ टायर, १६ जोड ब्रेक रबर, १६ वायर आणि २ चेन आणून ठेवा.

पावसाळ्यात आठवड्याला एकदा चेन पुसून तेल. कुलपाचं भोक खाली तोंड करून लावा, पाणी साचलं की किल्ली आत तुटते.

कलमवाली

एक राहिलं. त्या २० सायकली "पडलेल्या" दिसल्या तरी मालकीच्या आहेत. सर्वसाधारण सभेचा ठराव करा, प्रत्येक सायकलीला तारखेची चिठ्ठी बांधा, फोटो काढा, नोटीस बोर्डवर आणि ग्रुपवर ३० दिवस मुदत द्या. सोडून गेलेल्या भाडेकरूंना फोन करा. जे देतील त्यांच्याकडून फ्रेम नंबरसह दोन ओळींचं देणगीपत्र घ्या. जिचा मालक सापडतच नाही ती रंगवू नका, नंबर पोलिसांना कळवा. चोरीचा माल जवळ बाळगल्याचा आरोप सोसायटीवर यायला नको.

आनंदनगरकर

सगळ्यांचे आभार. फुटेज पेन ड्राइव्हवर घेतलं, कॅमेऱ्याचं घड्याळ ११ मिनिटं पुढे निघालं. उद्या तिघे जण ठाण्यात जातायत. रविवारी सकाळी ८ ला खडू, रॉकेल आणि वही घेऊन पार्किंगमध्ये बसतोय.

शेवटचं एक विचारतो: आमच्या पार्किंगखाली तळघर आहे. बेसप्लेटला अँकर बोल्ट किती आणि कोणत्या मापाचे?

छर्रे_ग्रीस

प्रत्येक पायाला ४, १२ मिमीचे. प्लेट ८ मिमी जाड, १५० × १५० ची. भोकं प्लेटच्या कडेपासून २५ मिमी आत घ्या. आणि ड्रिल करण्याआधी तळघरात उतरून वरच्या स्लॅबचा तळ बघा. ओल असेल तर स्टँड दुसरीकडे, मातीवर घ्या.