'फुफ्फुसात पाणी' की 'छातीत पाणी'?

प्रश्न : पोटाच्या डायलिसिसच्या (पोटात बॅगेतलं द्रावण भरून, काही तासांनी ते बाहेर काढून रक्त शुद्ध करतात, त्या) रुग्णांसाठी मराठी माहितीपत्रक करतोय. 'हायड्रोथोरॅक्स'ला 'फुफ्फुसात पाणी होणे' लिहिलं तर चालेल? आणि पोटातून बाहेर आलेल्या 'क्लाउडी' पाण्याला 'ढगाळ'?

— पहिलं अजिबात नको. बोलताना आपण फुफ्फुसातलं आणि छातीतलं पाणी एकच धरतो, पण इथे उपाय उलटे पडतात. फुफ्फुसात पाणी म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी वायुकोशांत उतरणं. ते ओढून काढायला ४.२५ टक्के साखरेच्या द्रावणाची जड बॅग लावतात. हायड्रोथोरॅक्समध्ये पोटात भरलेलं द्रावणच श्वासपटलातल्या (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूतल्या) बारीक भोकातून वर जातं आणि फुफ्फुसाबाहेर साचतं, बहुधा उजव्या बाजूला. तिथे जड बॅग लावली की पोटातलं पाणी आणि दाब वाढतो, अजून पाणी वर चढतं. 'छातीच्या पोकळीत पाणी' लिहा.

खुणाही द्या : दोन लिटर भरले, दीडच बाहेर आलं, आणि आडवं झालं की दम लागतो. छातीतून सुईने काढलेल्या पाण्यात साखर रक्तातल्यापेक्षा बरीच जास्त आणि प्रथिनं कमी निघाली, तर ते डायलिसिसचंच पाणी. अशा वेळी बॅगा थांबवून तात्पुरतं रक्ताचं डायलिसिस करतात.

— श्वासपटलाला 'पडदा' म्हणू नका. रुग्ण पोटाच्या आतल्या अस्तरालाही पडदाच म्हणतात. त्या अस्तराला शब्दकोशातला 'पर्युदर' अचूक, पण घरी कोण म्हणतं?

— 'ढगाळ' हवा असते. पाणी गढूळ. बॅगेखाली छापील कागद धरा. अक्षरं लागत नसतील तर गढूळ. ती बॅग ओतून देऊ नका, तपासायला न्या. पाणी पोटात निदान दोन तास राहिलेलं हवं; दर मायक्रोलिटरमागे पांढऱ्या पेशी १०० च्या वर आणि त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असतील तर जंतुसंसर्ग धरतात. 'दुधाळ' मात्र वेगळा शब्द ठेवा. लसिकेतली (शरीरातल्या लिम्फ या द्रवातली) चरबी उतरली की पाणी तसं दिसतं. लर्कॅनिडिपिनसारख्या रक्तदाबाच्या गोळीनेही होतं, पोट दुखत नाही, पेशीही वाढत नाहीत. पण हा निवाडा प्रयोगशाळेचा, रुग्णाचा नव्हे. पाळीच्या दिवसांतलं 'लालसर' पाणी बहुधा आपोआप निवळतं, तरी कळवायला सांगा.

— आतड्यांभोवती जाड पापुद्रा धरून ती आवळली जातात, त्याला काय लिहिलंय?

— 'डायलिसिस चालू असताना होणारे त्रास' या मथळ्याखाली 'आतड्यांवर कवच'.

— शब्द ठीक, मथळा बदला. बरीच वर्षं पोटाचं डायलिसिस झालेल्यांत ते बंद केल्यावर, अगदी मूत्रपिंड बसवल्यानंतरही हे उद्भवतं. उलट्या, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, वजन उतरणं : हे दिसलं तर पूर्वीच्या डायलिसिसचा उल्लेख डॉक्टरांकडे करायला लिहा.