मदत हवी आहे: लघवीच्या तपासणीत जंतू नाहीत, तरीही ओटीपोटात दुखते

अमळनेरला राहणाऱ्या माझ्या थोरल्या वहिनींना काही महिन्यांपासून मूत्राशय भरू लागले की ओटीपोटात दुखते, लघवी झाल्यावर थोडा वेळ बरे वाटते आणि पुन्हा तीच कळ येते. रात्रीही वारंवार उठावे लागते. तिखट शेवभाजी किंवा चहानंतर त्रास वाढतो. कल्चर तपासणीत जंतू आढळत नाहीत, तरीही अँटिबायोटिकच दिले जाते, हे मला खटकते. संसर्ग नसताना 6 आठवड्यांहून अधिक टिकणारी अशी वेदना मूत्राशय वेदना सिंड्रोमची असू शकते; मात्र मुतखडा, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे आवरण गर्भाशयाबाहेर वाढणे) यांसारखी इतर कारणे आधी वगळावी लागतात. जळगाव किंवा धुळ्यात या तक्रारीकडे गांभीर्याने पाहणारे मूत्ररोगतज्ज्ञ कोणी सुचवू शकेल का? मूत्राशयाची दुर्बिणीतून तपासणी कोणाला करावी लागली, आणि लघवीच्या वेळांची नोंद ठेवल्याचा निदानासाठी उपयोग झाला का, हेही अनुभवी भगिनींनी कृपया कळवावे.