घरच्या कामासाठी स्वस्तातलं टिग वेल्डिंग मशीन कोणतं घ्यावं? मदत हवी आहे

मंडळी नमस्कार. मी कोल्हापूरचा. रॉडने वेल्डिंग करायचं छोटं इन्व्हर्टर मशीन तीन वर्षं वापरतोय, लोखंडी काम बरं जमतं. पण १.२ आणि १.५ मिमीच्या स्टेनलेस पाइपला हात लावला की भोक पडतंच! जिन्याचा कठडा आणि स्वयंपाकघरातलं रॅक करायचंय, म्हणून टिग (टंगस्टनच्या टोकाने आर्क म्हणजे विजेची ज्योत पेटवून आरगॉन वायूच्या आवरणात वेल्डिंग करणारं) घ्यायचा विचार आहे. बजेट २५ हजार, घरी सिंगल फेज.

उद्यमनगरातल्या एका दुकानदाराने एसी/डीसी मशीनच गळ्यात मारायचा प्रयत्न केला. ॲल्युमिनियमला एसी लागतो हे मान्य, पण मला ते करायचंच नाही. मग २०० अँपिअरचं साधं डीसी पुरेल ना? खरं तर एवढ्या पातळ पत्र्याला ५०-६० अँपिअरच लागतील. त्यामुळे खालच्या करंटला आर्क स्थिर राहतो का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एचएफ स्टार्ट (टोक न टेकवता ठिणगीने आर्क पेटवणं) हवाच की लिफ्टवर (टोक टेकवून उचलत आर्क पेटवणं) भागतं? लिफ्टमध्ये टंगस्टन चिकटून सारखं घासत बसावं लागेल, अशी धास्ती आहे.

दुसरी अडचण आरगॉनची. मिनिटाला ८ लिटर धरले तर ७ घनमीटरचा मोठा सिलिंडर साधारण साडेचौदा तास चालेल. माझं काम महिन्यातून दोन रविवार. तेवढ्यासाठी सिलिंडर भाड्याने घेता की छोटा विकतच घेतलात? आणि दुरुस्ती जवळपास होईल असं मशीन कोणी वापरत असेल तर मॉडेल सांगा.