अनुभव धागा : "गावात जाऊन येते" म्हणता, तेव्हा गाव म्हणजे कुठं?

पद्मपुरेकर

आमच्या शेजारच्या आजींना औरंगाबादच्या गारखेड्यात येऊन पंचवीस वर्षं झाली. तरी जुन्या शहरातल्या गुलमंडीला निघाल्या की म्हणतात, "जरा गावात जाऊन येते." सिडकोत वाढलेली माझी मैत्रीण "शहरात चालले" म्हणते. आणि शहरालगतच्या सातारा गावाच्या डोंगराखाली राहणारे आमचे एक सर उस्मानपुऱ्यापर्यंत यायचं असलं तरी "औरंगाबादला चाललो" म्हणायचे. २०२३ पासून शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, सरांचं "चाललो" तसंच आहे.

मी पद्मपुऱ्याची. लहानपणी पद्म म्हणजे कमळ, असं धरून चालले होते. कॉलेजात कळलं की हा पद्म म्हणजे बिकानेरच्या राजा कर्णसिंहांचा मुलगा पद्मसिंह. शेजारचा कर्णपुरा बापाचा, आमचा लेकाचा. मोगलांबरोबर दख्खनेत आलेल्या सरदारांनी शहराच्या तटाबाहेर तळ टाकले आणि त्या तळांचे पुरे, म्हणजे वस्त्या झाल्या. जयसिंगपुरा मिर्झा राजा जयसिंहांचा, पहाडसिंगपुरा ओरछाच्या बुंदेल्यांचा, भावसिंगपुरा बुंदीच्या हाडा घराण्यातल्या राव भावसिंहांचा. अर्धं राजस्थान आणि बुंदेलखंड आमच्या रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे.

त्याच्याही आधी इथं खडकी नावाचं गाव होतं. मलिक अंबरनं १६१० मध्ये तिथं राजधानी वसवली. म्हणजे या शहरानं पोटात घेतलेलं पहिलं गाव खडकी. पुढं हर्सूल, चिकलठाणा, मुकुंदवाडी, गारखेडा, मिटमिटा, सातारा, देवळाई… यादी अजून थांबलेली नाही.

तर सांगा. तुमचं गाव शहरात कधी आलं? काय उरलं? पार, वेस, देव, बाजार, बोली, काहीही. पुस्तकातला इतिहास मी वर लिहून टाकलाय, तुम्ही तुमचं लिहा.

सुखनाकाठ

चिकलठाणा. आमच्या वडिलांच्या पिढीत जमीन दोनदा गेली, एकदा एमआयडीसीत, एकदा विमानतळाकडं. उरली ती वाटणीत. वडील होते तोवर विमान उतरताना दिसलं की हात करून सांगायचे, "ती तिथं आपली विहीर होती." बावीस परस खोल विहीर, पाणी गोड. पाव्हण्यांना ते घर दाखवायच्या आधी विहिरीची जागा दाखवायचे.

पैसा मिळाला, खोटं कशाला बोलू. काहींनी घरं बांधली, काहींनी गाड्या घेतल्या, दोनचार जणांनी पैठणकडं नवी जमीन घेतली आणि तेच खरे शेतकरी राहिले. आम्ही घर बांधलं. माझी बहीण कंपनीत क्वालिटीला लागली. तिच्या शॉपच्या मागच्या बाजूला आमचा जुना बांध होता. पहिल्या दिवशी डबा खायला ती मुद्दाम त्या बाजूला गेली, म्हणाली तिथलं एक बाभळीचं झाड ओळखू आलं.

पोळ्याला मी लहान असताना मारुतीसमोर बैलांची रांग संपत नसे. तोरणाखालून कुणाची जोडी आधी जायची, यावर भांडणं व्हायची, मानाच्या जोडीचं तर विचारूच नका. आता रांग मोजता येते. ज्यांच्याकडं बैल नाहीत ते मातीच्या बैलांचं ताट घेऊन येतात, त्यात आम्हीही आलो. मात्र तोरण बांधायला अजून माणसं जमतात आणि मान अजून त्याच घराला आहे. सुखना नदीचं आता काय सांगू, तिच्यात मी पोहायला शिकलो एवढं सांगतो.

एन-सात

सुखनाकाठ दादा, तुमचं वाचून माझं लिहू की नको असं झालं. आमच्या सिडकोला वेस नाही, पार नाही, जुना देवही नाही. पत्ता म्हणजे एन-एक ते एन-तेरा आणि पुढं घराचा नंबर. वडिलांना सोडतीत घर लागलं तेव्हा मी चार वर्षांची होते. समोर काळी माती, पावसाळ्यात चपला हातात घेऊन बसपर्यंत जायचं.

एका ओळीत दहा घरं. लातूर, नांदेड, बीड, उदगीर, परभणी, एक घर जळगावचं. सगळे नोकरीपायी आलेले. दिवाळीला अख्खी ओळ रिकामी व्हायची, कारण सगळे "गावाला" जायचे. आम्ही एक वर्ष आजोबांच्या सुतकामुळं गेलो नाही, तर त्या अंधाऱ्या ओळीत फक्त आमचा आकाशकंदील होता.

आता ती ओळ दिवाळीला रिकामी होत नाही. आजी-आजोबा गेले, गावाकडच्या घरांना कुलपं लागली आणि पोरंबाळं पुण्याहून इथंच येतात. माझ्या भाचीला शाळेत "माझे गाव" हा निबंध होता, तिनं सिडकोतलं कॅनॉट आणि टीव्ही सेंटर लिहिलं. बाईंनी विचारलं, हे गाव कसं? ती म्हणाली, आजी तिथं राहते.

२००६ मध्ये सिडकोचा कारभार महापालिकेकडं गेला. आईच्या तोंडी मात्र आजही "सिडकोचं घर".

रांजणगाव

आमी शहरातले न्हाई, पण लिहितो. माझं गाव जिंतूर तालुक्यात. २००४ ला वाळूजला कंपनीत आलो, रांजणगाव शेणपुंजीत खोली केली. पत्र्याची, बारा खोल्यांना एक नळ. एका खोलीत आम्ही पाच पोरं, पण शिफ्ट वेगळ्या म्हणून गादी कधी थंड झालीच न्हाई. एक उठला की दुसरा झोपला.

आमच्या गल्लीत "काय करायलाव?" म्हणलं की कळायचं, माणूस परभणी-हिंगोलीकडचा. कन्नडचा वेगळं बोलणार, बुलढाण्याचा त्याहून वेगळं. मालक रांजणगावचा, त्यो आमच्या बोलीला हसायचा न्हाई, भाडं मात्र एक तारखेला. त्याची आई लई मायाळू. पोरगी झाली तेव्हा माझ्या बायकोला बाजेवर शेक द्यायला म्हातारी रोज यायची, आमची आई गावाकडं सोयाबीन काढायच्या गडबडीत होती.

बजाजनगरात प्लॉट घेता आला न्हाई. वडगाव कोल्हाटीकडं दीड गुंठा घेतला, नुसत्या बॉन्ड पेपरवर, रजिस्ट्री न्हाई. ते एक बरं केलं का वाईट, अजून ठरायचंय.

एक गोष्ट सांगायचीच हाय. वाळूजला जाताना नगर रोडवर पंढरपूर लागतं, छोटं पंढरपूर म्हणतात. आषाढीला शहरातून हजारो माणसं चालत येतात, दिंड्या येतात, कंपन्यांच्या गेटसमोरनं टाळ वाजत जातात. आमचा बाप वारकरी. गुडघे गेले, खऱ्या पंढरीला चालणं बंद झालं. त्याला मी इकडं आणलं. नगर नाक्यावर उतरवलं अन् म्हणलं, इथनं चालू, जमंल तेवढं. निघताना त्यानं खोलीवरनं तांब्या भरून घेतला होता. मला वाटलं प्यायला. देवळाबाहेर बसला, त्या पाण्यानं पाय धुतले अन् आत गेला. चंद्रभागा सोबत आणली होती बापानं. त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती, खाडा झाला, त्याचं आजतागायत वाईट वाटलं न्हाई.

पद्मपुरेकर

रांजणगावचे दादा, "आमी शहरातले न्हाई" असं पुन्हा लिहू नका. तुमच्या शिफ्टवर हे शहर उभं आहे.

बुढ्ढी लेन

घरात दखनी, शाळेत मराठी, दुकानात दोन्ही. शहागंजपासून सिटी चौकापर्यंतचे दुकानदार सहज भाषा बदलतात, आम्हाला ते बदलल्यासारखं वाटतही नाही. माझ्या मोठ्या आजोबांच्या घरी हिमरूचा माग होता. सूत आणि रेशीम एकत्र, पाठीमागून सुटे धागे. माग गेला, एक शाल राहिली, ती लग्नातच निघते.

गाव म्हणजे कुठं, या प्रश्नाला माझं उत्तर सोपं आहे : पहाटे जिथून तंदुरी नानचा वास येतो तिथं. नान-खलियाचं, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचं जेवण असलं की भांडी मोठी लागतात, म्हणून मोहल्लाच जेवतो. तुघलकाच्या फौजेबरोबर हे जेवण आलं असं आमच्याकडं सांगतात. माझा शाळेतला दोस्त राजाबाजारातला, संस्थान गणपतीच्या शेजारचा. विसर्जनाची मिरवणूक तिथून निघते, आम्ही दोघं दरवर्षी एकाच ओट्यावरून बघायचो. तो आता बीड बायपासला गेलाय. फोनवर विचारतो, "गल्लीत काय चाललंय?" त्याची गल्ली, माझ्याकडून खबर.

भावसिंगपुरा-भीमनगर

आमच्याकडं तारखा गल्लीतल्या पोरांनाही पाठ असतात. मिलिंद कॉलेज १९५० चं. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. नामांतराचा विधिमंडळातला ठराव १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४. मधल्या सोळा वर्षांत आमच्या आत्यांची गावाकडची घरं जळाली, त्या इथं आल्या त्या परत गेल्याच नाहीत. त्यांच्यासाठी भावसिंगपुरा हे निवाऱ्याचं नाव आहे, राव भावसिंह कोण होते हे त्यांना मी आत्ता या धाग्यावरून वाचून दाखवलं. ऐकलं आणि म्हणाल्या, "असू दे."

दरवर्षी १४ जानेवारीला आम्ही विद्यापीठाच्या गेटवर जातो. मराठवाडाभरातून माणसं येतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. आत्या कमानीला हात लावून नमस्कार करतात. मिलिंदच्या नागसेनवनातून चालत परत येतो, तिथल्या झाडांखाली माझं अर्धं शिक्षण झालं.

थत्ते हौद

बेगमपुरा. एका बाजूला बीबी का मकबरा, एका बाजूला विद्यापीठ, मध्ये आम्ही. लोक मकबऱ्याला येतात आणि आमच्या गल्लीत न शिरता परत जातात, हे मला लहानपणापासून सलतं. इथं थत्ते हौद आहे. डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून, नुसत्या उतारावर, मोटरीशिवाय येतं. मलिक अंबरच्या नहर-ए-अंबरीची हीच रीत, पाणचक्कीचीही हीच, तिचं पाणी हर्सूलच्या बाजूनं येतं. माझ्या आजीनं आयुष्यभर त्याच पाण्यात डाळ शिजवली. दुसऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

शहराला जायकवाडीचं पाणी किती दिवसांनी येतं, ते इथं सगळ्यांना माहीत आहे. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाण्याला चढ न देता घरापर्यंत आणलं, आणि आपल्याला तो नळ कुठून जातो तेही दाखवता येत नाही. रस्ता खोदताना खापर फुटतं, कामगार विचारतात हे काय, आणि वरून मुरूम पडतो. ज्यांच्या गल्लीत नहरीचा मनोरा, बंबा, हौद काही शिल्लक असेल त्यांनी फोटो काढून ठेवा, मी मनापासून सांगतोय. तुमच्या आजीला विचारा पाणी कुठून भरायची. ती असेपर्यंतच कळेल.

खंडोबा सातारा

मी लग्न होऊन आले २००९ ला. घराच्या फाईलमध्ये तीन पावत्या आहेत : ग्रामपंचायतीची, २०१४ ला झालेल्या नगर परिषदेची आणि २०१५ पासून महापालिकेची. घर तेच, दारातला ड्रमही तोच. टँकरचा हॉर्न मला झोपेतही ओळखू येतो. थत्ते हौद दादांचं वाचून पोटात कालवलं, आमच्याकडं दोनशे लिटरचा निळा ड्रम हेच दैवत.

पण देव आहे आमच्याकडं. दगडी देऊळ, अहिल्यादेवींनी बांधलं असं गावकरी सांगतात. चंपाषष्ठीला सगळा बायपास भंडाऱ्यानं पिवळा होतो. सोसायट्यांतल्या आम्हा नव्या लोकांना गावातले "प्लॉटिंगवाले" म्हणतात. पहिल्या वर्षी मी यात्रेत बाजूला उभी होते. एका काकूंनी बोलावलं, कपाळावर भंडारा लावला, भरीत-रोडगा हातावर ठेवला आणि विचारलं, "कोणत्या गल्लीतली गं?" मी सोसायटीचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे पूर्वीच्या मोसंबीच्या बागेतली." तेव्हापासून मी गावात पत्ता सांगताना मोसंबीची बागच सांगते. म्हातारी माणसं बरोबर घरापर्यंत येतात.

पद्मपुरेकर

ताई, हा पत्ता मी वहीत लिहून घेतला. हर्सूलचं कुणी आहे का? हरसिद्धी मातेच्या बाजूचं?

तळ्याकाठी

आहे, वाचतोय सकाळपासून. हर्सूल म्हटलं की लोकांना जेल आठवतं, त्यामुळं लग्न जमवताना आमच्या वडिलांनी "तळ्याजवळ" असं सांगायची सवय लावली. रात्रपाळी आहे, उद्या सविस्तर लिहितो. देवीच्या नवरात्राचं, आणि तळं भरलं की आजी नारळ घेऊन सांडव्यावर जायची त्याचं. या वर्षी आईनं नेलाय.