आईला डिचोलीहून पर्वरीच्या फ्लॅटमध्ये हलवावं का?

डिचोलीची_लेक
आई 76 वर्षांची, डिचोली तालुक्यात आमच्या वाड्यावर एकटीच राहते. हल्ली विसरते. गोळी घेतली की नाही, दूधवाल्याचे पैसे दिले की नाही. भाऊ म्हणतो, पर्वरीला आण, लिफ्ट आहे, हॉस्पिटल जवळ आहे. पण हीच बाई चवथीला खुर्ची टाकून बसली आणि माटोळीत, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या रानफळांच्या मांडणीत, कांगलां कुठे, कवंडाळ कुठे, तोरिंग कुणाच्या बागेतून आणायचं, सगळं नातवंडांना ओरडून सांगत होती. दुसरी बाजू अशी, की 2012 मध्ये खाणी बंद पडेपर्यंत याच वाड्यावर तिने ट्रकांची धूळ खाल्लीय. तुळशीची पानंसुद्धा तांबडी असायची. जन्मभर राहिलेल्या जागेचा म्हातारपणी डोक्यावर खरंच परिणाम होतो का? आणि होत असेल तर आता जागा बदलून काय मिळणार? डॉक्टर 'वय झालं' म्हणून मोकळे झाले.

मास्तर_फोंडा
होतो, ताई, पण सिद्ध करणं कठीण. चांगल्या वस्तीतले म्हातारे तल्लख दिसले, तर ती वस्तीची करामत, की मुळात हुशार आणि कमावती माणसंच तिथे राहायला गेली? हा पेच सोडवायला स्कॉटलंडचा दाखला कामी येतो. 1947 मध्ये तिथे 1936 साली जन्मलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांची, म्हणजे सत्तर हजारांवर मुलांची, शाळेत बुद्धिचाचणी झाली होती. त्यांच्यापैकी एडिंबरा भागातली 1,091 माणसं संशोधकांनी सत्तरीच्या आसपास पुन्हा गाठली. अकराव्या वर्षीचे गुण हाताशी होतेच. काही जणांचे जन्मभराचे पत्ते घेऊन, त्या त्या काळी घराजवळ किती बागा होत्या तेही मोजलं. लहानपणी आणि मोठेपणीही जवळ बागा असलेल्यांची बुद्धी 70 ते 76 या वयात थोडी कमी घसरली. थोडीच हं! गरीब थरातल्या लोकांत हा फरक जास्त दिसला, आणि मला ते पटतं. बंगलेवाल्याला सार्वजनिक बागेचं काय कौतुक?

धुळीचं म्हणाल तर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या, कारणांची यादी केलीय, तिच्यात 2020 पासून प्रदूषित हवा आहे. पण ते अभ्यास मुख्यतः धुरातल्या बारीक कणांचे. खनिजाच्या धुळीवर ते जसेच्या तसे लावू नका. 2024 च्या यादीत टाळता येण्याजोगी 14 कारणं आहेत: कमी ऐकू येणं, कमी दिसणं, रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा वगैरे. धूळ खाऊन झाली, ती परत काढता येणार नाही. कान आजही तपासता येतील.

म्हापशेकरीण
मास्तरांना दुजोरा. सासूबाईंना आम्ही गावाहून फ्लॅटमध्ये आणलं. गावात त्या सकाळी देवळात, मग दुकानावर, वाटेत चार घरी थांबून दुपारी परतायच्या. इथे खाली उतरलं की सरळ हमरस्ता, फूटपाथचा पत्ता नाही. महिन्याभरात घराबाहेर पडणंच बंद. कानाला यंत्र लावल्यावर कळलं, निम्मं 'विसरणं' म्हणजे मुळात ऐकूच आलेलं नव्हतं. यंत्र मात्र आठवडाभर डब्यातच होतं, शिट्टी वाजते म्हणून.

डिचोलीची_लेक
कानाचं डोक्यातच आलं नव्हतं. तिचा टीव्ही शेजारच्या घरापर्यंत ऐकू जातो! भावाला विचारलं, पर्वरीत आई आपल्या पायांनी कुठे जाईल? म्हणाला, मॉल आहे ना. तूर्तास ती वाड्यावरच. शेजारची वहिनी सकाळची गोळी समोर बसून देईल म्हणाली.

मास्तर_फोंडा
बी-12 आणि थायरॉईडही तपासून घ्या, त्यांनीही विसरायला होतं आणि त्यावर औषध आहे. जाताना तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या. झोपेची गोळी चालू असेल तर ती आधी दाखवा. आणि पैशांचे व्यवहार, ओळखीची वाट चुकू लागली, तर मात्र वाड्यावर एकटी ठेवू नका. मग भावाचं ऐका.