बागकामाच्या कार्यक्रमातलं कोकण

जांभ्याचा_गडगा: "कोकणी माणसाला परसबाग पुन्हा शिकवली ती या ताईंनीच" असं टीव्हीवरच्या बागकामाच्या कार्यक्रमाच्या निवेदिकेबद्दल काल इथे कुणीतरी लिहिलं. वाचून राहवलं नाही. रविवार सकाळचा तो कार्यक्रम आमच्याकडेही लागतो आणि कोकण विशेष भाग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. निवेदिका गोड बोलतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण कातळावरच्या घरासमोर उभं राहून "ही माती टाकाऊ, कोकोपीटच्या पिशव्या आणा" असं, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा विकत आणा असं सांगायचं? याच कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, त्यात माती भरली आणि देवगड-रत्नागिरीचा हापूस उभा राहिला. ज्याने ते केलं असा एक तरी बागायतदार समोर बसवायचा होता.

नारळाला पाणी घालताना तर पाइप थेट खोडाला टेकवून सोडला. नारळाची पाणी ओढणारी मुळं खोडापासून तीन-चार हात लांब, आळ्यात असतात. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. शूटिंग थंडीतलं, तेव्हा कुठलीही बाग छानच दिसते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे त्या कुंडीतल्या गुलाबांचं श्रावणात काय होतं, ते दाखवा की. दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागायचं तेव्हा शेतकरी बोलायचा, कृषी विद्यापीठातली माणसं बोलायची.

चिपळूणची_सून: दादा, तुमच्याकडे वाडी आहे. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी आहे, तिथे कातळाला सुरुंग लावू का? सासूबाईंचे गुडघे गेले, गावचं घर बंद झालं, तेव्हापासून त्या नुसत्या बसून असायच्या. याच कार्यक्रमात बघून आम्ही जुन्या टबात लाल माठ पेरला. आता सकाळी चहाच्या आधी त्या टबाशी जातात, बोटाने माती चाचपतात आणि पाणी जास्त झालं म्हणून मला ओरडतात. हे तुमच्या बागायतदाराच्या मुलाखतीने झालं नसतं. तो कार्यक्रम गॅलरीवाल्यांसाठीही आहे. आणि गोड बोलण्याचा उल्लेख कशाला? निवेदक पुरुष असता तर केला असता का?

रोठा_सुपारी: ताई, त्या निवेदिका गॅलरीबद्दल बोलत असत्या तर कोण बोललं असतं? त्यांनी आमच्या श्रीवर्धनच्या सुपारीवर सल्ला दिला, तो झोंबला. कोळेरोगाने गळलेल्या हिरव्या सुपाऱ्या हातात घेऊन म्हणाल्या, "आता बुरशीनाशक मारा." गळ सुरू झाल्यावर मारून काय वाचणार? एक टक्का बोर्डो मिश्रण पावसाच्या आधी मारायचं. किलोभर मोरचूद, किलोभर चुना, शंभर लिटर पाणी. मग पावसातली उघडीप बघून पुन्हा एकदा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आमची पोफळी आडवी केली. नवी रोपं लावली, पण त्यांना सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात. जी जुनी झाडं वाचली त्यांच्यावर घर चालतं. ती असल्या सल्ल्यावर सोडायची का?

मालवणी_खळा: तुमी टीव्ही बघून भांडतास. हयसर माकडांनी काकडेची येक वेल ठेवल्यानी नाय. त्या बायेक म्हणा, आधी माकडांचा काय ता सांग.

जांभ्याचा_गडगा: अगदी बरोबर! अर्ध्या तासात माकडाचं नाव नाही. आमच्याकडे भाजीपाला सोडाच, कोवळे नारळ पिळून खाली टाकतात. शेजारच्या काकूंनी पडवळाचा मांडवच मोडून टाकला, पुन्हा घातला नाही.

रानवाट: माकडं खाली का आली, तेही बोला. डोंगरावरचं रान तोडून सगळीकडे काजू आणि हापूसच लावला. उंबर, जांभूळ, रायवळ आंबे गेले. त्यांनी खायचं काय? घाटात गाडी थांबवून बिस्किटं टाकणारे वेगळेच.

रोठा_सुपारी: पुण्यात बसून माकडांची वकिली सोपी असते.

रानवाट: मी संगमेश्वरात राहतो. माझीही केळी गेलीत. पत्ता विचारून मग बोलत जा.

देवगडकर_आप्पा: हिमाचलने केली तशी नसबंदी करा, दुसरा इलाज नाही.

रानवाट: आप्पा, तिथे २००६-०७ पासून नसबंदी चालू होती, तरी २०१६ मध्ये शिमल्यात माकडांना उपद्रवी जाहीर करावं लागलं. शिवाय तिथलं माकड वेगळं, आपलं डोक्यावर केसांची टोपी असलेलं वेगळं. त्यात काळतोंडे वानर निराळेच. आम्ही भाजी सोडून हळद, आलं, सुरण लावतो. त्याला हात लावत नाहीत.

मालवणी_खळा: आणि सुरण डुकरांनी उकरल्यानी काय?

देवगडकर_आप्पा: मग काय, रात्रभर ढोल बडवत बसायचं? आमची म्हातारी माणसं उन्हातान्हात फटाके हातात घेऊन कलमांखाली बसतात. शहाणपण शिकवू नका.

चिपळूणची_सून: सगळे माकडांवरच घसरलात! निवेदिकेने काय घोडं मारलं होतं?

जांभ्याचा_गडगा: गॅलरीतल्या टबासाठी कोकोपीट चालेल, वजन कमी होतं. एवढं मान्य, त्यापुढे एक अक्षरही नाही. पण तुमच्या सासूबाईंनी टबात पेरलेला माठ त्यांच्या गावच्या परड्यात पूर्वी कशावर यायचा, ते विचारा. पातेरा म्हणजे वाळका पाला, शेणखत आणि चुलीतली राख. तीन गोष्टी, एकही विकत नाही. ताईंनी त्या कॅमेऱ्यासमोर दाखवायला हव्या होत्या.

चिपळूणची_सून: विचारलं. राख म्हणाल्या. पण गॅसवर राख कुठून आणू, तेही सांगा.

रोठा_सुपारी: बोर्डो करणार असाल तर मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा, मग एकत्र ओता. लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना अजून हवा. मे संपत आलाय, या आठवड्यात उरका.