कचरावेचक बायकांना दाखवण्यासारखा सिनेमा कुठला?

पर्वतीपायथा:
माझी आई सत्तावीस वर्षं कचरा वेचते. आधी पोतं पाठीला लावून कुंड्या पालथ्या घालायची. आता पुण्यात सहकारनगरच्या चार सोसायट्यांत दारोदार जाऊन ओला-सुका घेते, ढकलगाडीवरून शेडमध्ये आणते आणि निवडते. आम्ही जनता वसाहतीत राहतो. मी बी.कॉम. होऊन एका सीएंकडे लागलोय.

मागच्या महिन्यात मित्राच्या लॅपटॉपवर 'वेस्ट लँड' पाहिला, २०१०चा. रिओजवळचा जार्दिम ग्रामाशो हा कचरा डेपो. विक मुनीझ हा चित्रकार तिथल्या वेचकांचे फोटो काढतो आणि त्यांनाच सोबत घेऊन भंगारातून त्यांची प्रचंड मोठी चित्रं मांडतो. एका चित्राचा लंडनला लिलाव होतो, पैसे त्यांच्या संघटनेला मिळतात. मला मात्र चित्रांपेक्षा कामच जास्त भावलं. ट्रक रिकामा होतो आणि माणसं भराभर हवं ते उचलतात. माझी आई प्लॅस्टिक फरशीवर टाकते आणि आवाजावरून सांगते, कुठल्या ढिगात जाईल. हे कसब आहे. ते पडद्यावर मी पहिल्यांदा पाहिलं.

शेडमधल्या बारा जणींना रविवारी दुपारी असं काही दाखवायचंय. अडचण अशी की आठ जणींना वाचता येत नाही, म्हणजे सबटायटलचा उपयोग नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तीनेक वर्षांपूर्वी एक मुलगा कॅमेरा घेऊन शेडमध्ये आला होता. आई म्हणाली, थांब, हात धुऊन येते. तो म्हणाला, नको, तसंच राहू द्या. आई आजही हे सांगते तेव्हा हात पदराला पुसते. तसा सिनेमा मला नकोय. सुचवा.

जुनी_प्रेक्षक:
दादा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

भाषेचा प्रश्न असेल तर आधी चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट'. बराचसा मराठीत आहे. मॅनहोलमध्ये मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते तो प्रसंग पाहा. गटारात उतरण्याआधी तो दगड टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा. बाई रडत नाही, विचारलं तेवढंच सांगते. पण बारा जणींपैकी कुणाच्या घरचा माणूस ड्रेनेजला उतरत असेल तर आधी विचारून घ्या.

'इल्या दास फ्लोरेस' कुणीतरी सुचवेलच. जेमतेम तेरा मिनिटांचा, १९८९चा, ब्राझीलचाच. डुकरांसाठी नको ठरलेलं अन्न शेवटी माणसं वेचतात, दहा-दहांच्या गटाला पाच मिनिटं. मी तो पाहून दोन दिवस अस्वस्थ होते. तरी शेडमध्ये लावू नका. त्यातली माणसं एक शब्द बोलत नाहीत, त्यांच्याबद्दल दुसराच बोलतो. तुमच्या आईंना तो कॅमेरावाला मुलगा आठवेल.

माझी पसंती आन्येस वार्दांच्या 'द ग्लीनर्स अँड आय'ला, २०००चा, फ्रेंच. शेतात, बाजारात, रस्त्यावर उरलेलं वेचणारी माणसं. बाई स्वतः हातात छोटा कॅमेरा घेऊन त्यांच्याशी गप्पा मारतात आणि टाकून दिलेले बदामाच्या आकाराचे बटाटे स्वतः वेचून घरी नेतात. आपल्याकडे याला सरवा वेचणं म्हणतात. गावाकडून आलेल्या बायकांना समजावून सांगावं लागणार नाही.

फुरसुंगीकर:
माझं बालपण फुरसुंगीत, पुण्याच्या कचरा डेपोच्या वाऱ्यात गेलं. पाहुणे आले की आई आधी खिडक्या लावायची. विहिरीचं पाणी आम्ही पिणं सोडलं होतं. म्हणून मला डेपोशेजारी राहणाऱ्यांचाही सिनेमा हवा असतो. 'ऑल दॅट ब्रीद्स' पाहा. दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणारे दोघे भाऊ, आणि त्या घारी कचऱ्याच्या डोंगरावर जगतात. हिंदी आहे. डेपोवरच्या घारी मोजणं हा आमचा सुट्टीतला खेळ होता.

आणि 'वेस्ट लँड' दाखवलात तर पुढचंही सांगा. तो डेपो २०१२ला बंद झाला. वेचकांना भरपाई मिळाली, पण रोजचं काम गेलं. आपल्याकडे डेपो बंद करा म्हणून आम्ही ओरडलो, ते बरोबरच होतं. वेचणाऱ्यांचं काय, हे तेव्हा मी एकदाही विचारलं नाही. तुमची पोस्ट वाचून ते आठवलं.

पर्वतीपायथा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दाखवला.

शेवटी 'वेस्ट लँड'च लावला, चाळीस मिनिटांचे तुकडे निवडून. मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. पाच मिनिटांत माझं कुणी ऐकेना. "सगळा मिसळलेला येतो गं यांच्याकडं!" "ती बघ, वजन खाली ठेवलंय तिनं, शहाणी आहे." मग भावावरून वाद, एका किलोला त्यांना काय मिळत असेल. संघटना आहे म्हटल्यावर आईने मान हलवली. १९९३ला बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, म्हणजे इथल्या वेचकांची संघटना, उभी राहिली त्याची गोष्ट तिने सासूकडून ऐकलीय, ती तिने सगळ्यांना पुन्हा सांगितली.

संग्रहालयात वेचक स्वतःचं चित्र पाहायला येतात तिथे सगळ्या गप्प झाल्या. आई एवढंच म्हणाली, "नटूनथटून आलेत बघ."

भरपाईचं आणि बंद झालेल्या डेपोचं सांगितलं. त्यावर कुणी काही बोललं नाही, चहा होईपर्यंत.

सरव्याचा विषय निघाला तर धाराशिवकडच्या एक मावशी म्हणाल्या, लहानपणी तुरीचा सरवा वेचलाय, मालक हाकलायचा. म्हणून पुढच्या रविवारी बटाट्याचा सिनेमा. निवेदन मराठीत लिहायला घेतलंय. कुणाला फ्रेंच येत असेल तर कळवा, चार-पाच वाक्यांवर अडलोय.